डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर: सहा वर्षं वापरून बघितलेला रस्ता

मी सोलापुरात साखर पेठेत शिलाईचं दुकान चालवते. पिको, फॉल, ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म. मिक्सर घ्यायचा असो की मशीनची मोटर, मी आधी चार जणींना विचारते आणि ऐकते फक्त वापरून बघितलेल्या बाईचं. लेकीच्या शिक्षणाच्या वेळी मात्र वापरून बघितलेलं कुणी भेटलं नाही. सल्ला द्यायला अख्खी गल्ली होती. ती २०२५ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिकलची इंजिनिअर होऊन बाहेर पडली, म्हणून आता मी बसले लिहायला. हिशेबाची वही समोर आहे, त्यामुळं आकडे खरे आहेत.

आधीच सांगते, पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढं येईलच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी रस्ता असा. दहावी झाली की अकरावीला न जाता पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा डिप्लोमा. प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या मार्कांवर नंबर लागतो, ३५ टक्क्यांवर पास झालेलाही अर्ज करू शकतो. परीक्षा घेतं महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ, पोरं त्याला एमएसबीटीई म्हणतात. डिप्लोमा संपला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात. तिथंही सीईटी नाही, डिप्लोमाचे टक्के बघतात, ओपनला किमान ४५ लागतात. आता बोटं मोजा. तीन आणि तीन सहा. अकरावी-बारावीची दोन आणि डिग्रीची चार, तीही सहाच. एक वर्षसुद्धा वाया जात नाही. एवढी साधी बेरीज २०१९ च्या जूनमध्ये मला कुणी करून दाखवली नाही, पण ‘डिप्लोमा म्हणजे मार्क कमी पडलेल्या पोरांचं’ हे सहा जणांनी येऊन सांगितलं.

त्या वर्षीचा दहावीचा निकाल आठवत असेल. भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० मार्क बंद झाले होते आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला होता. घरोघरी सुतक. आमच्या लेकीला ८१ पडले, वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाईंच्या पोराला ८४. एकच वाडा, एकच जिना, दोन चुली. त्याला अकरावी सायन्स आणि सीईटीचा मोठा क्लास लावायचं ठरलं. दोन वर्षांची फी एक लाख साठ हजार. अक्कांनी, म्हणजे जाऊबाईंनी, मला विचारलं, ‘तुझं काय ठरलंय?’ मी म्हणाले, ‘अक्का, एक लाख साठ हजारात माझी दोन जुकी मशिनं येतात की.’ त्या हसल्या, पण मला हसू आलं नव्हतं. आमचे हे अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात. पगार आठवड्याला. क्लासवाल्यांची फी दोन हप्त्यांत.

तर आम्ही क्लास न परवडणाऱ्यांचा रस्ता म्हणून डिप्लोमा धरला, हे खरं आहे. अभ्यास करून, तुलना करून धरला असं मी सांगणार नाही.

सोलापुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, खाजगीही आहेत. आमचं कुठलं आणि नंतर डिग्रीचं कॉलेज कुठलं हे लिहीत नाही, कारण दोन-तीन तक्रारी आहेत आणि कुणाला नावानिशी झोडायचं नाही. तेव्हा सरकारीत वर्षाची फी दहा हजारांच्या आत होती. खाजगीत जास्त, पण राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना निम्मी ट्यूशन फी माफ होते, ती डिप्लोमालाही चालते. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. घाबरायचं असेल तर कागदांना घाबरा.

पहिला फटका कागदांनीच दिला. अर्ज ऑनलाइन. आमच्याकडं तेव्हा साधा फोन, म्हणून एका ई-सेवा केंद्रात गेलो. तिथल्या पोरानं भराभर बटणं दाबली, २०० रुपये घेतले, ‘झालं काकू’ म्हणाला. दोन महिन्यांनी वर्गातल्या एका मुलीच्या वडलांकडून कळलं की टीएफडब्ल्यूएस म्हणून एक प्रकार असतो. ट्यूशन फी वेव्हर. प्रत्येक कोर्सच्या मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा जादा असतात, ६० च्या वर्गाला तीन. उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं आणि मार्कांत बसलं तर ट्यूशन फी पूर्ण माफ, पूर्ण कोर्सभर. ऑप्शन फॉर्ममध्ये त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, तो वेगळा भरावा लागतो. आमचा भरलाच नव्हता. ८१ टक्क्यांना ती जागा मिळाली असती की नाही सिद्धेश्वर जाणे, पण आम्ही रांगेत उभंच राहिलो नाही त्याचं वाईट वाटतं. तुम्ही फॉर्म भरताना पोराच्या शेजारी बसा. स्क्रीनवर बोट ठेवून विचारा, हे काय, ते काय. तो वैतागला तर वैतागू दे, २०० रुपये दिलेत.

आणि तहसीलचे दाखले. उत्पन्नाचा, डोमिसाइल, ज्याला लागतो त्याला जातीचा, नॉन क्रिमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस. निकाल लागल्यावर अख्खा जिल्हा तिथं जातो. दहावीचा शेवटचा पेपर झाला की दुसऱ्या दिवशी अर्ज टाका, पोरगं तसंही घरी बसून मोबाईल बघणार असतं. रहिवाशाच्या पुराव्याला लाइट बिल लागतं, आमचं लाइट बिल अजून सासऱ्यांच्या नावावर. त्यावरून चार हेलपाटे झाले. असो.

आता चांगलं सांगते, कारण पहिलं वर्ष फार चांगलं गेलं.

वर्कशॉपला एप्रन लागतो, नेव्ही ब्लू. बाजारात साडेतीनशेला. मी चाटी गल्लीतून कापड आणलं, दीडशेत शिवला, आतून खिशाला डबल शिलाई मारली कारण ही त्यात पटाशी, पक्कड काहीही कोंबणार हे माहीत होतं. आठवड्याभरात वर्गातल्या पोरी दुकानात. ‘मावशी, आम्हाला पण.’ त्या जुलैत ४३ एप्रन शिवले. पोरीची पहिल्या वर्षाची पुस्तकं आणि मिनी ड्राफ्टर त्या एप्रनांतून निघाले. कुठल्या कोर्सनं असा धंदा दिला असता?

मग एक दिवस तिनं पर्समधून लोखंडाचे दोन तुकडे काढले आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवले. फिटिंगचा जॉब म्हणतात त्याला. साध्या पट्टीचे दोन तुकडे, एकाला इंग्रजी व्हीसारखी खाच, दुसऱ्याला तसंच टोक, दोन्ही हातानं कानशीनं घासून एकमेकांत बसवायचे. तीन आठवडे घासत होती, उजव्या हाताच्या अंगठ्याला फोड. ‘आई, उजेडात धर.’ मी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून ट्यूबलाइटसमोर धरले. एका बाजूनं बारीक रेघ दिसत होती उजेडाची, केसाएवढी. दुसऱ्या बाजूनं काही नाही, काळं. मी वीस वर्षं शिलाई उजेडात धरूनच तपासते, टाका सुटला की उजेड दिसतो. ‘ही बाजू चुकलीय बघ,’ मी म्हणाले. ती म्हणाली, ‘सरांनीपण तिथंच मार्क कापले.’ त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही काय शिकतीये ते मला समजू शकतं. वर अक्कांचा पोरगा काय शिकत होता ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो पहाटे पाचला उठायचा आणि रात्री अकराला झोपायचा, एवढंच आम्हाला दिसायचं.

मराठी माध्यमाच्या पोरांना पहिले दोन महिने इंग्रजीचा त्रास होतो. आमच्या हिलाही झाला. पण डिप्लोमात लिखाण इतकं असतं की हात आपोआप वळतो. प्रॅक्टिकलची मॅन्युअलं, असाइनमेंट, सबमिशन. सबमिशन हा शब्द आमच्या घरात गड्ड्याच्या जत्रेपेक्षा मोठा झाला होता. सही राहिली, सर रजेवर, फाईल रिटर्न. तासभर एका सहीसाठी स्टाफरूमच्या बाहेर उभं राहायचं. हे मला पटलं नाही. शिकायचं सोडून पोरं सह्या गोळा करत फिरतात.

मग मार्च २०२० आला. सगळं बंद. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झालीच नाही, पोरांना तशीच वरच्या वर्गात ढकललं. त्या वेळी आम्ही देवाला नारळ फोडला. त्या सेमिस्टरला अप्लाइड मॅथ्स होतं, आणि डिप्लोमात गणित पहिल्या दोन सेमिस्टरलाच असतं. म्हणजे गणिताचा शेवटचा पेपर तिनं दिलाच नाही. तो नारळ आम्हाला पुढं महागात पडला, ते सांगते.

लॉकडाऊनमध्ये ९,५०० चा मोबाईल घ्यावा लागला. तीन वर्षांच्या डिप्लोमातली एकरकमी सगळ्यात मोठी खरेदी हीच. मोटारीचं प्रॅक्टिकल मोबाईलवर बघून काय शिकणार? पण पोरगी हुशारी करायची. माझ्या मशीनची मोटर खोलून बसली एकदा, कार्बन ब्रश झिजलेत म्हणाली, तीस रुपयांचे ब्रश आणून बसवले. मोटर अजून चालू आहे. मेकॅनिकनं नवी घ्या म्हणून सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या आधी सहा आठवड्यांची इंडस्ट्रियल ट्रेनिंग असते. चिंचोळी एमआयडीसीत एका ठिकाणी पाठवलं. पहिले दोन आठवडे झेरॉक्स काढायला लावल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीचा पॅनेल जळाला आणि वायरमनच्या हाताखाली ही उभी राहिली, तिथून पुढं तिला पॅनेलच्या खोलीतच ठेवलं. नशिबाचा भाग आहे. तिच्या बरोबरची एक पोरगी सहाही आठवडे झेरॉक्सच काढत होती.

२०२२ ला डिप्लोमा झाला, ८८.६ टक्के. जिथं ट्रेनिंग केली त्याच कारखान्यातून बोलावणं आलं, ट्रेनी म्हणून महिना १२,०००. घरात पहिल्यांदा पुढचं शिकायचं की नाही यावर भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, हातात आलंय ते घे. आणि मला हे या रस्त्याचं सगळ्यात भारी वाटतं की असं भांडण करता तरी आलं. वरच्या मजल्यावर बारावी होऊन एक वर्ष झालेल्या पोराच्या हातात तेव्हा विकता येईल असा एकही कागद नव्हता, त्याला डिग्री पूर्ण केल्याशिवाय इलाज नव्हता. हिच्याकडं डिप्लोमा होता. रेल्वेच्या, स्टाफ सिलेक्शनच्या ज्युनिअर इंजिनिअरच्या परीक्षांना डिप्लोमा चालतो. मधेच बाप आजारी पडला, कारखाना बंद पडला, तरी उतरायला मधे एक पायरी आहे. आमच्यासारख्या घरांना ही पायरी लागते.

शेवटी लेकच म्हणाली, ‘पप्पा, तीन वर्षं अजून द्या. बारा हजार कुठं पळून जात नाहीत.’ दिली.

डायरेक्ट सेकंड इयरला मंजूर जागांच्या १० टक्के जागा असतात, ६० ला सहा. शिवाय पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या. घरबसल्या परीक्षांमुळं त्या वर्षी ज्याच्या त्याच्या टक्क्यांना फुगवटा आलेला, त्यामुळं ८८ ला पण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं नाही. तिला लहानपणापासून वालचंदचं वेड. अशोक चौकातून जाताना गेटकडं बघायची. तिथं नंबर लागला नाही, दोन दिवस जेवली नाही. शहराबाहेरचं एक मिळालं. बस येते, फी झेपते. डिग्रीवर नाव सोलापूर विद्यापीठाचंच येतं, म्हणजे आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. २००४ पर्यंत आपला जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाखाली होता. थोरल्या दिरांच्या मार्कशीटवर नाव चुकलं तेव्हा ते एक अक्षर दुरुस्त करायला कोल्हापूरला मुक्काम करून आले होते. आता केगावला रिक्षानं जाऊन येता येतं.

इथं तो कापलेला तारा.

डायरेक्ट सेकंड इयरची पोरं वर्गात येतात तेव्हा कॉलेज सुरू होऊन महिना-दीड महिना झालेला असतो, प्रवेशफेऱ्या उशिरा चालतात म्हणून. आणि समोर असतं एम-थ्री. तिसरं गणित. बारावीची पोरं दोन वर्षं इंटिग्रेशन घोटून, मग पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू करून आलेली असतात. डिप्लोमावाल्यांनी गणित सोडून दोन वर्षं झालेली. आमच्या हिनं तर शेवटचा पेपरच दिला नव्हता. लाप्लास म्हणजे काय हे तिला फळ्यावर बघूनही कळेना. वर्गात कुणीतरी म्हणालं, ‘डिप्लोमावाल्यांनो, मागं बसा.’ गमतीत असेल. ती मागं बसली.

पहिल्या सेमिस्टरला एम-थ्रीत केटी लागली, म्हणजे पेपर राहिला, परत द्यायचा. आयुष्यातली पहिली. ज्या कॉलेजनं डायरेक्ट सेकंड इयरच्या जागा भरून फी घेतली, त्यांनी या पोरांसाठी पंधरा दिवसांचा गणिताचा जादा वर्ग घ्यायला काय हरकत होती? मी विचारायला गेले. ‘बघू, सूचना देतो’ असं उत्तर मिळालं. ती सूचना अजून वाटेत असेल.

केटी निघाली ती एका सीनियर पोरीमुळं. तीही डिप्लोमाचीच, एक वर्ष पुढं, भवानी पेठेत राहायची, आई विडीकामगार. विडीकामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी शिष्यवृत्ती असते, हे तिच्यामुळं कळलं. पहिलीपासून अगदी इंजिनिअरिंगपर्यंत मिळते, आईचं विडीकामगाराचं ओळखपत्र लागतं. सोलापुरात हजारो घरांत ते कार्ड असेल, ट्रंकेत पडलेलं. काढा बाहेर. तर ती पोरगी संध्याकाळी सातला दुकानात यायची. वह्या संपतात म्हणून मी त्यांना अस्तराचा काळा तुकडा टेबलावर पसरून द्यायचे आणि टेलर चॉक. गणित लिहायचं, झटकायचं, परत लिहायचं. गिऱ्हाईक आलं की दोघी कोपऱ्यात सरकायच्या. दीड महिन्यात निघालं. मी तिला फीच्या बदल्यात दोन ड्रेस शिवून दिले, ती नको नको म्हणत होती.

म्हणून माझं सांगणं, डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षातच गणिताची जुनी वही काढा. इंटिग्रेशन तरी हातात ठेवा. बाकी विषयांचं टेन्शन नाही. मोटर, ट्रान्सफॉर्मर, वायरिंग, लॅबमध्ये डिप्लोमावाली पोरंच पुढं असतात. मागं बसवणारे प्रॅक्टिकलला मॅडम मॅडम करत हिच्याकडं यायचे.

पैशाचं आता. डिप्लोमाची तीन वर्षं: फी २६,०००, परीक्षा फी ४,०००, पुस्तकं-मॅन्युअल-ड्राफ्टर ९,०००, बस १२,०००, मोबाईल ९,५००, रिचार्ज ७,०००, प्रोजेक्ट ३,५००. एकूण ७१,०००. डिग्रीची तीन वर्षं सगळं धरून १,६०,०००. दोन्ही मिळून २,३१,०००. डिग्रीचा आकडा कमी दिसतो त्याचं कारण शेवटचं वर्ष. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ झाली, आधीपासून शिकणाऱ्यांचीसुद्धा. पण नीट वाचा, ट्यूशन आणि परीक्षा. डेव्हलपमेंट फी आणि बाकी फी भरावी लागते. आम्हाला तर ऑफिसात आधी पूर्ण भरा, मग बघू म्हणाले. मी शासन निर्णयाची झेरॉक्स टेबलावर ठेवली. बाईंनी चष्मा लावून वाचला आणि मग पावती बदलली.

शिष्यवृत्तीचा एक किस्सा सांगायलाच हवा. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, दुसऱ्या वर्षाचा हप्ता ‘जमा’ दाखवत होता, लेकीच्या बँकेत रुपया नाही. बँकेत गेलो, नाही म्हणाले. कॉलेजात गेलो, बँकेत जा म्हणाले. पंधरा दिवस हा खेळ. शेवटी एका भल्या क्लार्कनं विचारलं, आधार शेवटचं कुठल्या खात्याला जोडलंय? ही शाळेत असताना शून्य शिलकीचं एक खातं काढलं होतं, त्याचं पासबुक शंकरपाळ्याच्या डब्यात. मधे कधीतरी केवायसी करताना आधार तिकडं जोडलं गेलेलं. सरकारी पैसे जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही फॉर्मवर कुठलंही लिहा. त्या खात्यात २३,००० पडून होते. पाण्याचा दिवस होता त्या दिवशी, चार दिवसांनी नळ आलेला, तो सोडून आम्ही दोघी बँकेत पळालो. घरी आलो तर नळ गेलेला. चालतंय.

अक्कांच्या पोराचा हिशेब माझ्याकडं लिहिलेला नाही. त्याचे नऊ-दहा लाख म्हणतात. पण त्यातले निम्मे पुण्याचं राहणं-खाणं आहे, ते रस्त्याच्या नावावर टाकणं बरोबर नाही. त्याला पुण्यात जे मिळालं, मोठं शहर, सफाईदार इंग्रजी, ते हिला मिळालं नाही. आज दोघंही तिकडंच नोकरीला आहेत, ही चाकणला ट्रेनी इंजिनिअर, तो हिंजवडीला. त्याचा पगार पाच हजारांनी जास्त आहे. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता वजा केला तर हिचा जास्त.

मधे जुळे सोलापूरच्या एक आजी ब्लाउज टाकायला आल्या होत्या, मुलाकडं कॅलिफोर्नियात सहा महिने राहून आलेल्या. माप घेताना सांगत होत्या, तिकडं नात ‘कम्युनिटी कॉलेज’ला जाते. एकट्या त्या राज्यात अशी ११६ आहेत म्हणे. शाळेत असतानाच तिनं तिथले दोन-चार विषय करून टाकले, ते पुढं धरले जातात. आता दोन वर्षं घरात राहून स्वस्तात तिथं शिकायचं आणि तिसऱ्या वर्षाला मोठ्या युनिव्हर्सिटीत. मी म्हणाले, आजी, हे तर आमच्या हिनं केलं तेच. आजी म्हणाल्या, ‘हो गं, पण तिकडं कुणी मार्क कमी पडलेल्यांचं म्हणत नाही.’ असेलही, नसेलही, आजी कौतुकात बोलत होत्या. शाळेत असताना पुढचे विषय मोजून घ्यायची सोय मात्र आपल्याकडं असती तर हिचं एम-थ्री वाचलं असतं.

कुणी हा रस्ता धरू नये तेही सांगते. डॉक्टर व्हायचं मनात असेल तर चुकूनही नाही, नीटला अकरावी-बारावीचं बायोलॉजी लागतं. पंधराव्या वर्षी शाखा निवडावी लागते, आणि पंधराव्या वर्षी पोरांना इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्समधला फरक माहीत नसतो. आमच्या हिनं इलेक्ट्रिकल घेतलं कारण मामा वायरमन. जमलं म्हणून बरं. तिच्या वर्गातल्या आठ-दहा पोरांचा पहिल्याच वर्षी वायडी लागला, म्हणजे वर्ष वाया गेलं, काही सोडून गेली. आणि ज्यांना तीन वर्षंही जड वाटतात त्यांना आयटीआय आहे. दोन वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. समोरच्या लूमवाल्यांचा पोरगा तसाच चाललाय, सावकाश, पण चाललाय.

ते फिटिंगचे दोन तुकडे दुकानातच आहेत. पेपर पॅटर्न उडू नयेत म्हणून वजनाला ठेवते. यंदाच्या जुलैत एप्रनच्या ५१ ऑर्डरी होत्या, भाव आता २२० आहे, खिशाला डबल शिलाई मारूनच देते. कुणाला दाखल्यांची यादी किंवा खर्चाची वही बघायची असेल तर दुकानात या, दुपारी दोन ते चार बंद असतं. वहीचे फोटो पाठवा म्हणू नका, त्यात गिऱ्हाइकांची उधारी पण आहे.